आठवं ताट

अकरा पानांची होती.
चौपन्नच्या मार्चमध्ये छापून आली,
पिवळ्या पडणाऱ्या स्वस्त कागदावर,
मूळव्याधीच्या मलमाच्या जाहिरातीला खेटून.
खाली नाव: आर. लिंडक्विस्ट.
पत्रं यायची ती "प्रिय महाशय" म्हणून.
मी सव्वीस वर्षांची होते, आणि रग्ना होते.

गोष्ट एवढीच:
यानावर सात माणसं. पृथ्वी सोडून आठ महिने झालेले.
स्वयंपाकी रोज रात्री उष्टी ताटं मोजतो
आणि ती भरतात आठ.
तो कुणाला सांगत नाही. घासतो, पुसतो, रचून ठेवतो.
शेवटच्या ओळीत
तो स्वतःच आठवं ताट मांडतो.
बस्स.

पुढं ती शाळेच्या पुस्तकांत गेली.
खाली प्रश्न: आठवा कोण? तुमच्या शब्दांत लिहा.
मुलं लिहायची देव, मरण, रशियन हेर.
एका पोरीनं लिहिलं, मांजर.
तिला मी पैकीच्या पैकी दिले असते.

आता न्यूयॉर्कहून ऑस्टरहाउटसाहेबांचा फोन:
चारशे पानं हवीत.
रक्कम अशी सांगितली की तळघरातली भट्टी नवी येईल,
आणि डुलुथमध्ये जानेवारीत
भट्टीपुढं साहित्याचं फारसं चालत नाही.

हो म्हटलं.

मग कळलं की त्या यानात शौचालयच नाही.
अकरा पानांत कुणाला लागलं नव्हतं.
खिडक्या नाहीत, जिना नाही,
सातांपैकी पाचजणांना नावंसुद्धा नाहीत.
बसले बांधत.
एकाला गुडघेदुखी दिली, एकाला कर्ज,
कॅप्टनला एक बायको, मग आणखी एक.
नव्वदाव्या पानापर्यंत यान जमिनीवरच होतं.

नाताळाला आम्ही बटाट्याचं लेफ्से लाटतो.
गोळा तेवढाच, लाटणं फिरत राहतं,
पातळ, आणखी पातळ,
शेवटी खालच्या पाटाच्या रेषा दिसू लागतात.
थांबायचं तिथंच असतं.
मी पुढं लाटत गेले.

"ते ठीक," ऑस्टरहाउट म्हणाले,
"पण तीनशेव्या पानापर्यंत आठवा कोण ते कळलं पाहिजे.
लोक पैसे मोजतात."
मी तीन आठवे केले.
एक लपून आलेला, एक परग्रहावरचा,
एक कॅप्टनचाच पुढच्या काळातला अवतार.
तिघंही सभ्य होते, वेळेवर जेवायचे.
तिघांनाही खणात टाकलं.

बाराव्या प्रकरणात स्वयंपाक्याला बालपण लागत होतं.
हाताशी होतं ते दिलं.
त्याचा बाप लोहखनिजाच्या बोटीवर आचारी.
नोव्हेंबर. सरोवरावर वादळ.
बोट आली नाही, तिचा एक पिंप तेवढा आला.
घरात आई, मी, धाकटा आर्विड.
आई भांडी विसळायची, मी पुसायची,
कोरड्या फडक्यानं, एकामागून एक,
एक, दोन, तीन,
आणि चौथं
न वापरलेलं, तरी ओलं.
किती दिवस ते आठवत नाही.
बर्फ वितळेपर्यंत असावं.
मी ते पुसून वर ठेवायचे.
विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

टाइपरायटरवरून हात उचलले.
चौतीस वर्षं
मी शाळेतल्या पोरांबरोबर बसून विचार करत होते
की आठवा कोण.

मे महिन्यात हस्तलिखित परत आलं.
बाराव्यावर लाल पेन्सिल:
"संथ. काहीच घडत नाही, नुसती भांडी घासली जातात.
हे कापूया का?"

मी खाली बारीक अक्षरात लिहिलं,
बाकीचं कापा,
आणि पुडकं बांधून पोस्टात टाकलं.

भट्टी जुनीच आहे.
रात्री आचके देते, मग पेटते.
आर्विडला सगळं वाचून दाखवलं फोनवर.
बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, मला वाटायचं
ते ताट तू मांडतेस.